आज एकच वाहन

"ताई, बसा की. दार उघडंच आहे," शिकलगार म्हणाले.

मी पदर सावरून दोन पावलं मागं सरले. "तुम्ही सगळे चक्कर मारून या. मी इथंच थांबते."

"अहो, गाडी तुमच्या घरासाठी, आणि तुम्हीच खाली?"

माझे यजमान भरतेश ड्रायव्हरच्या जागेवर बसून आरसा नीट करत होते. त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "आता काय झालं?"

"नियम आहे," मी हळू म्हटलं. "आज एकच वाहन."

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "आजच? गाडी बघायच्या दिवशी?"

"मला सकाळी कुठं माहीत होतं? तुम्ही नाश्त्याला सांगितलंत."

शिकलगार त्या शोरूममध्ये गाड्या विकायचे. पन्नाशीचे गृहस्थ, खिशाला दोन पेनं, बोलणं मधासारखं. ते एकदा माझ्याकडं, एकदा गाडीकडं बघत राहिले. "उपवास मला समजतात, ताई. आमच्यात रोजे असतात. पण गाडीत न बसायचा रोजा मी पहिल्यांदाच ऐकतोय."

पुढच्या सीटवर बसलेले माझे सासरे, आप्पा, मोठ्यानं हसले. "शिकलगार, तिच्या नियमाच्या वाटेला जाऊ नका. आमच्या घरात माझं कुणी ऐकत नाही, पण तिचा नियम सगळे पाळतात. राहू द्या तिला. राजमती, पार्श्वला इकडं दे."

पार्श्व माझ्या कडेवर होता. अडीच वर्षांचा. मी त्याला खिडकीतून आत दिला आणि आप्पांनी त्याला मांडीवर घेऊन दोन्ही हातांचा वेढा घातला. पाच वर्षांची सन्मती मागं शिकलगारांच्या शेजारी होती, पण बसली कुठली! दोन सीटच्या मधल्या जागेत उभी राहून छताच्या काचेतून आभाळ बघत होती.

"आई, वर कावळा दिसतोय! गाडीत कावळा!"

गाडी निघाली.

नियमाचं सांगते. रोज पहाटे बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शन झालं की मी त्या दिवसापुरती मर्यादा घालून घेते. आज किती पदार्थ, किती वस्त्रं, किती ठिकाणी बसणं, किती वाहनं. लग्नाआधीपासूनची सवय. मोठं काही नाही, मनाला दिवसभराचं कुंपण असलं की बरं वाटतं. त्या दिवशी एक वाहन म्हटलं होतं, आणि ते आमच्या जुन्या व्हॅनमध्येच खर्ची पडलं होतं. जयसिंगपुराहून शोरूमपर्यंत तिच्यातून आलो, परतही तिच्यातूनच जायचं होतं. त्या व्हॅनचं सरकतं दार नीट लागायचं नाही. आठ दिवसांपूर्वी चालत्या गाडीत ते आपोआप उघडलं, म्हणून तर नवीन गाडीची घाई. तोवर भरतेशनी दार सुतळीनं बांधलं होतं.

मी शोरूमच्या फाटकाशी शिरीषाच्या झाडाखाली उभी राहिले. पांढरी, उंच गाडी होती. सगळ्यांना आवडलेली. भरतेशना तिच्या छताची काच आवडली होती. आप्पांना तिची उंची. "बसलं की माणूस बसल्यासारखा दिसतो," ते म्हणाले होते. मलाही आवडली होती, खोटं का बोलू.

दहा मिनिटांत गाडी परत येताना दिसली. सर्व्हिस रोडवरून सावकाश, अगदी सायकलच्या वेगानं. मी हात वर केला. आतून भरतेशनी हात केला. तेवढ्यात बाजूच्या वखारीतून गॅसच्या टाक्यांचा टेम्पो मागं मागं येत रस्त्यावर आला आणि भरतेशनी ब्रेक दाबला.

मी समोर होते. काचेतून मला सगळं दिसलं.

पार्श्व आप्पांच्या मांडीवरून उठला. उठला म्हणजे, उडालाच. त्याचं कपाळ पुढच्या काळ्या फळीवर आपटलं आणि तो खाली, पायांपाशी गेला. सन्मती दोन सीटच्या मधून पुढं आली, तिला शिकलगारांनी फ्रॉकला धरून ओढलं. आणि आप्पांचे हात तसेच होते. दोन्ही हातांचा वेढा, बोटांत बोटं अडकवलेली, मांडीवर गोल. आत कोणी नव्हतं.

एवढंच. दोन पळं. मग आप्पा वाकले, पार्श्वला वर घेतलं आणि तो रडायला लागला.

मी धावले. त्याच्या उजव्या भुवईवर टेंगूळ आलं होतं. रक्त नव्हतं. शिकलगारांनी आतून बर्फ आणला, रुमालात बांधून दिला. पाच मिनिटांत पार्श्व बर्फ चाखायला लागला.

"काही नाही, काही नाही!" भरतेशनी चेहरा हसरा ठेवला होता. "ब्रेक बघितलास का? जागच्या जागी!"

"मी धरला होता म्हणून," आप्पा म्हणाले. "घट्ट धरला होता. नाहीतर काचेतून बाहेर."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर खोटेपणाचा लवलेश नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी धरला होता.

भरतेश आणि आप्पा आत चहा घ्यायला गेले, तेव्हा शिकलगार मुद्दाम मागं राहिले.

"ताई, तुम्ही समोर होतात."

"हो."

"बघितलंत?"

"हो."

त्यांनी पेन खिशातून काढलं, परत ठेवलं. "मीही मागून बघितलं. पण गिऱ्हाइकाच्या वडिलांना मी कसं सांगू?"

"आणि मी सासऱ्यांना?"

मग मी विचारलं, "शिकलगार, या गाडीत मुलं बसवायची कुठं?"

"वीस वर्षं गाड्या विकतोय," ते म्हणाले. "छताची काच विचारतात, गाणी किती जोरात वाजतात विचारतात. हे कुणी विचारलं नव्हतं. या इकडं."

ते मला कोपऱ्यातल्या एका राखाडी, बुटक्या गाडीकडं घेऊन गेले. आत बसायचं नव्हतं, म्हणून मी बाहेरून वाकून बघितलं. मागच्या सीटच्या फटीत हात घालून त्यांनी दोन लोखंडी कड्या दाखवल्या. "मुलांची खुर्ची असते, ती यात कुलपासारखी बसते. लहान मुलाची मागं तोंड करून. थोरल्या मुलीची पुढं तोंड करून. तुम्ही बघितलेल्या पांढरीत या कड्या नाहीत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "परदेशात गाड्या भिंतीवर आपटून बघतात, ताई. आत बाहुल्या ठेवून. गाडी किती सुरक्षित त्याचे तारे देतात, मोठ्यांचे वेगळे, मुलांचे वेगळे. पांढरीला मोठ्यांचे चार आहेत."

"आणि मुलांचे?"

"दोन. हिला दोन्हीकडं चार."

"तुम्ही हे आधी का नाही सांगितलं?"

ते हसले. "पांढरी विकली तर माझं बरं होतं. आणि कुणी विचारलं नव्हतं, हेही खरं. माझ्या नातीला मी त्या खुर्चीत बसवतो, तर आमची अम्मी म्हणते, पोरीला टोपल्यात घालून नेतोय, बाजारात विकणार आहे का."

मी भरतेशना बोलावून कड्या दाखवल्या. त्यांनी एकदा वाकून बघितलं. "अगं, मांडी असताना खुर्ची कशाला? आपण मांडीवरच मोठे झालो ना?"

"आम्ही बैलगाडीत मोठे झालो."

"तेच म्हणतोय मी!"

"बैल ब्रेक मारत नाहीत, अहो."

शिकलगारांनी तोंड फिरवून हसू लपवलं. पण आप्पा येऊन उभे राहिले आणि गाडीच्या टपावर हात ठेवून म्हणाले, "ही? हिच्यात वाकून शिरायचं माझ्या वयाला? उद्या येऊन पांढरी ठरवून टाकू." आणि विषय संपला.

परतीच्या वाटेवर मी व्हॅनमध्ये मागं बसले. पार्श्व माझ्या मांडीवर होता. मी त्याला इतकं घट्ट धरलं की तो "आई, दुखतंय" म्हणाला. हात सैल केले आणि माझ्याच हातांकडं बघत राहिले. आप्पांचे हात आमच्या दुकानातली भांडी घासून पुसून मांडणारे. पितळेची जड घागर एका हातानं उचलणारे. त्यांच्यातून सुटला, तर माझ्यातून काय.

आणि खिडकीतून आत तर मीच दिला होता.

दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली. मग सोप्यात शेजारचे अण्णा उपाध्ये आले, आणि आप्पांनी हकीकत सांगितली. "टेम्पो असा आडवा. भरतेशनं ब्रेक दाबला. पोरगं उडणार, पण मी असा धरला होता!" त्यांनी हात करून दाखवले. थोड्या वेळानं दूधवाले आले, त्यांनाही सांगितलं. या वेळी टेम्पो जरा मोठा होता. तिसऱ्यांदा फोनवर माझ्या नणंदेला सांगितलं, तेव्हा एका हातानं पार्श्वला आणि दुसऱ्या हातानं सन्मतीला धरलं होतं.

मी आत गहू निवडत होते. दर वेळी त्यांच्या आवाजात सुख होतं. नातू आपल्या मांडीवर सुखरूप राहिला, याचं सुख. सासूबाई गेल्यापासून त्या माणसाला दुसरं फार काही नव्हतं. पार्श्व संध्याकाळी मांडीवर येऊन बसला की त्यांचा दिवस पुरा व्हायचा. ते मी काढून घेणार होते?

"तुला पांढरी आवडली नाही का?" अंथरूण घालताना भरतेशनी विचारलं.

"आवडली."

"मग तोंड का असं?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मुलालाच सांगायचं, की पार्श्व तुमच्या वडिलांच्या हातातून सुटला? ते उद्या सकाळी त्यांना बोलून मोकळे होणार. तिखट बोलणार. मी म्हटलं, "उद्या सांगते."

रात्री मला एक गोष्ट सुचली, आणि सुचल्यावर मला जरा हलकं वाटलं. नियम घ्यायचा. ज्या गाडीत माझ्या मुलांना स्वतंत्र आसन नाही, त्या गाडीत मी आजन्म बसणार नाही. बस. भांडण नाही, वाद नाही. आप्पांना काही सांगायला नको. कारण कुणी विचारणारच नाही. आमच्या घरात माझ्या नियमाला कारण लागत नाही.

पहाटे बस्तीत गेले. दर्शन केलं, तीन प्रदक्षिणा घातल्या, समोर बसून हात जोडले. शब्द ओठांवर होते. पण निघेनात. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मूर्ती नेहमीसारखी शांत. मीच शांत नव्हते. मला स्पष्ट दिसत होतं, की हा नियम मी मला आवरायला घेत नाहीये. आप्पांना आणि भरतेशना बांधायला दोरी वळतेय, आणि वरून तिला व्रताचं नाव देतेय. आमच्यात याला मायाचार म्हणतात. मनात एक आणि बाहेर एक. त्यात आप्पा आयुष्यभर समजत राहणार की हात पुरे होते. उद्या दुसऱ्या कुणाच्या गाडीत ते पुन्हा एखादं पोर मांडीवर घेणार.

मी रोजचे साधे नियम घेतले आणि उठले.

घरी आले तर आप्पा कोट घालून, टोपी झटकून सोप्यात तयार बसले होते. पार्श्व मांडीवर. भुवईवरचं टेंगूळ निळं पडलं होतं. भरतेश आत कागदपत्रं शोधत होते.

मी पूजेची ताटली खाली ठेवली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आप्पांच्या समोर बसून मी कधी बोलले नव्हते. त्या दिवशी खाली जमिनीवर त्यांच्यासमोर बसले.

"आप्पा, एक सांगायचंय."

"सांग की."

"काल मी गाडीच्या समोर होते."

"हं."

"ब्रेक दाबला तेव्हा मला आतलं दिसलं." माझा आवाज इतका बारीक झाला की त्यांना पुढं वाकावं लागलं. "तुमचे हात होते तसेच होते. बोटांत बोटं होती. पण आत पार्श्व नव्हता."

ते माझ्याकडं बघत राहिले. पार्श्व त्यांच्या कोटाचं बटण फिरवत होता.

"माझ्या हातातून?"

"होय, आप्पा."

"तुला नीट दिसलं? काचेवर ऊन असतं."

"नीट दिसलं. तो खाली पायांपाशी होता. तुम्ही वाकून उचललात."

त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता आवाज चढणार. "चाळीस वर्षं मी याच हातांनी..." ते म्हणाले आणि थांबले. मग एक विचित्र गोष्ट केली. पार्श्वला उचलून शेजारी बाकावर ठेवला, आणि रिकाम्या मांडीवर कालच्यासारखे हात गोल करून त्यांच्याकडं बघत बसले.

"मी वाकलो खरा," ते स्वतःशीच म्हणाले. "उचलायला वाकलो होतो."

"तुम्ही घट्टच धरला होता, आप्पा. माझ्याही हातातून सुटला असता. कुणाच्याही. तो गाडीचा जोर असतो."

"काल का बोलली नाहीस?"

"धीर झाला नाही."

"आणि मी गावभर सांगत सुटलो." ते कसंनुसं हसले. "त्या उपाध्याला तर हात करून दाखवले."

भरतेश किल्ली घेऊन बाहेर आले. "चला आप्पा."

"थांब."

आप्पा उठले, चपला न घालताच पायऱ्या उतरले आणि बस्तीच्या दिशेनं चालायला लागले. भरतेशनी माझ्याकडं बघितलं. "काय बोललीस तू त्यांना?"

मी सगळं सांगितलं. ते बाकावर बसले. पार्श्वच्या भुवईवर हलकेच बोट टेकवलं, आणि बराच वेळ काढलं नाही. "मी ब्रेकचं कौतुक करत होतो," एवढंच म्हणाले.

अर्धा तास झाला. मला काळजी वाटायला लागली. सत्तरीचं माणूस, पोटात काही नाही, मन दुखावून गेलेलं. मी बघायला निघणार तोच आप्पा परत आले. कपाळाला ताजं गंध. बाकावर टेकले आणि पाण्याचा तांब्या मागितला.

"नियम घेऊन आलो," ते म्हणाले. "चालत्या गाडीत पोराला मांडीवर घ्यायचं नाही. आपलंही नाही, दुसऱ्याचंही नाही."

"किती दिवसांचा?" भरतेशनी विचारलं.

"आजन्म."

आप्पांनी आयुष्यात पुष्कळ सोडलं होतं. रात्रीचं जेवण, कांदा, बटाटा, साखर. प्रत्येक वेळी हसत सोडलं. या वेळी हसले नाहीत, तांब्या तोंडाला लावून रिकामा केला.

"आता चला," तोंड पुसून ते म्हणाले. "त्या बुटक्या गाडीत मी वाकून शिरू शकतो का बघू. आणि त्या शिकलगाराला विचारू, खुर्च्यांना रंग कुठले कुठले आहेत. सन्मतीला पिवळा आवडतो."

या गोष्टीला आता आठ वर्षं होत आली. राखाडी गाडी बारा दिवसांनी घरी आली. शिकलगारांनी स्वतः येऊन दोन्ही खुर्च्या बसवून दिल्या. सन्मतीची पिवळी, पुढं तोंड करून. पार्श्वची निळी, मागं तोंड करून. आप्पांनी त्यांच्याकडून खुर्च्या कड्यांत तीन वेळा लावून आणि काढून घेतल्या, आणि चौथ्या वेळी स्वतः लावल्या.

पहिल्याच रविवारी बाहुबलीला दर्शनाला जायचं ठरलं. माझा नियम विचारून घेतला होता सगळ्यांनी. वाहन एक होतं आणि तेच होतं, म्हणून अडचण नव्हती. पार्श्वनं मात्र निघायच्या आधीच रडं धरलं. "आप्पांच्या मांडीवर! आप्पांच्या मांडीवर!" खुर्चीत पाठ ताठ करून, पाय झाडत. भरतेश म्हणाले, "पहिल्या दिवसापुरतं..." आणि माझ्याकडं बघून गप्प झाले.

आप्पा पुढचं दार उघडून उभे होते. ती त्यांची जागा. व्हॅनमध्येही तीच, त्याआधी भाड्याच्या गाड्यांतही तीच. घरातला थोरला पुरुष पुढं, हे कुणी सांगावं लागत नाही. त्यांनी रडणाऱ्या पार्श्वकडं बघितलं, हात अर्धा पुढं केला, मागं घेतला. मग पुढचं दार लावून टाकलं.

"राजमती, तू पुढं बस."

"आप्पा, ती तुमची..."

"बस म्हटलं ना."

ते मागचं दार उघडून, पाठ धरून, कुरकुर करत वाकले आणि दोन खुर्च्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत शिरले. गुडघे हनुवटीला आले. टोपी छताला लागली. त्यांना पट्ट्याचं टोक सापडेना, ते सन्मतीनं शोधून खट्कन लावून दिलं. "आप्पा, तुम्ही पण अडकलात," ती खूश होऊन म्हणाली.

पार्श्व रडतच होता. आता आप्पा त्याच्या शेजारी होते, म्हणून आणखी जोरात.

"घे," आप्पा म्हणाले, आणि उजव्या हाताची तर्जनी त्याच्यापुढं धरली. "नियम मांडीचा आहे. बोटाचा नाही."

त्यानं दोन्ही मुठींनी ते बोट पकडलं. हुंदके देत देत गप्प झाला.

मी पुढं बसले होते, नऊ वर्षांत पहिल्यांदा, समोरचा सगळा रस्ता डोळ्यांत घेऊन. भरतेश बेतानं चालवत होते. हातकणंगल्याच्या अलीकडं एक म्हैस रस्त्यात आली, आणि त्यांनी चांगलाच ब्रेक दाबला. पट्टा माझ्या खांद्यात रुतला. मी चटकन मागं वळून बघितलं.

पार्श्व झोपला होता. आप्पांनी खुणेनं मला सांगितलं, बोलू नकोस. त्यांचं बोट अजून त्याच्या मुठीत होतं.